गुरुवारचं उघडं जाळं

इस्सातला काहीही विचारा, तो उत्तर देत नाही, बैठक सांगतो. मासेमारीची बंदी कधी उठणार? सोमवारी बैठक आहे, आत्या. पलीकडच्या काठाचं काय ठरलं? त्यांची नि आपली बैठक झाली की सांगतो, आत्या. गारेनच्या डोक्यात तिडीक जायची. भाऊ गेल्यावर हा पोरगा तिच्या शालीखाली वाढला. वल्हं धरायला तिने शिकवलं, नाक तिने पुसलं, आणि आता हा तिच्याशी असं बोलायचा जणू तीही एखादं सरकार आहे आणि तिला सांभाळून घ्यायचंय.

कामच तसलं होतं त्याचं. मोठ्या नदीचा हा काठ नॉर्वेचा, तो काठ फिनलंडचा, आणि दोन्ही काठांवर इथली मूळची सामी माणसं, एकमेकांची सोयरी. दोन्ही सरकारांनी मिळून एक समिती काढली होती. शेजारी देशांनी मानवी हक्क आणि सांस्कृतिक वारसा ह्यांच्यासाठी हातात हात घालून काम करायचं, असं तिचं म्हणणं. इस्सात तिचा समन्वयक. "नाव एवढं लांबलचक," गारेन म्हणायची, "की पुरतं घेईपर्यंत होडी धारेला लागून समुद्रात पोचेल." गाव हसायचं. इस्सातही हसायचा, आणि तेच तिला जास्त लागायचं. चिडला असता तर आत माणूस शिल्लक आहे अशी खात्री तरी पटली असती.

बर्फ अजून गुडघाभर होता तेव्हा तो एकदा स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफीत वाळलेल्या मांसाचे तुकडे टाकून चघळत म्हणाला, "आत्या, ह्या उन्हाळ्यात कूड बांधायचा."

गारेनच्या हातातला चमचा तसाच राहिला.

कूड म्हणजे ह्या नदीची जुनी रीत. तीन-तीन ओंडक्यांची तिकाटणी काठापासून धारेत एका ओळीत उभी करायची, त्यांना वरच्या अंगाने बर्चच्या फांद्या लावायच्या, आणि ओळीच्या टोकाला, पाणी जरा शांत होतं तिथे, पिशवीसारखं जाळं सोडायचं. समुद्राकडून वर चढणारा सॅल्मन कुडाला अडतो, वाट शोधत त्याच्या कडेकडेने सरकतो आणि टोकाशी जाळ्यात शिरतो. गारेनच्या घराची कुडाची जागा तिच्या सासऱ्याच्या आजापासूनची. पण मासा कमी झाला, दोन्ही सरकारं घाबरली, आणि दोघांनी मिळून बंदी घातली. एरवी साधा पूल दुरुस्त करायला त्यांची वर्षं जायची. ह्या कामी मात्र चटकन एकमत झालं.

मासा कमी झाला हे गारेनलाही दिसत होतं. ती आंधळी नव्हती. तिने स्वतःच नदीवर बसून रडावं असा एक उन्हाळा काढला होता. पण तिच्या एका जाळ्याने नदी रिकामी झाली असं कोणी म्हटलं की तिची जीभ तापायची.

"बांधायचा म्हणजे काय? शोभेला?" तिने विचारलं.

"समितीने ठरवलंय. दोन्ही देशांचा सामाईक वारसा म्हणून कुडाची नोंद व्हायची आहे. कूड बांधणारं जाणतं माणूस आता तूच. तू बांधून दाखव, ते चित्रण करतील."

"आणि मासा?"

इथे तो थांबला. तेव्हाच कळायला हवं होतं, असं नंतर तिच्या मनात शंभरदा आलं. पण तो थांबला तो जेमतेम एका घोटाएवढा.

"आठवडाभर जाळं लावता येईल, शिकवण्यापुरतं. सुन्नाला शिकव ना."

बरोबर तिथेच बोट ठेवलं त्याने. सुन्ना गारेनची नात, किनाऱ्यावरच्या गावात परिचारिका. पोरगी धट्टीकट्टी, हाताला सफाई असलेली. तिकाटणं कसं रोवायचं, फांदी कुठली घ्यायची, सगळं तिला कोरड्या जमिनीवर सांगून झालं होतं. पण कूड कोरडा शिकता येत नाही. फांद्या दाट झाल्या तर पाणी खालची वाळू खणून काढतं आणि तिकाटणं कलंडतं. विरळ झाल्या तर मासा मधूनच निघून जातो. आणि जाळ्याचं तोंड योग्य खोलीवर लागलंय की नाही हे सांगणारा एकच, तो म्हणजे मासा. तो बुडाशी जाऊन धडकतो, दोरीला हिसका बसतो, तो हिसका हाताला कळला की शिकणं झालं. बंदीमुळे सुन्नाच्या हाताला तो हिसका कधी बसलाच नव्हता. आणि गारेनचे गुडघे असे झाले होते की हा उन्हाळा गेला तर पुढच्या उन्हाळ्यात ती धारेत उभी राहील असं तिचं तिलाच वाटत नव्हतं.

"मासा धरायचा," तिने पुन्हा विचारलं. "नुसतं जाळं दाखवायचं नाही."

"जाळं लावायचं, आत्या. खरंखुरं जाळं."

तिने ते होकार म्हणून घेतलं. सुन्नाला फोन करून रजा टाकायला लावली, आणि गेले दोन हिवाळे खिडकीपाशी बसून विणलेलं जाळं ट्रंकेतून बाहेर काढलं.

नदीवरचा बर्फ गेला, पुराचं पाणी ओसरलं, आणि काम सुरू झालं. सुरू झालं तसं अडलंही. ओंडके पलीकडच्या जंगलातून आणायचे, कारण तिथली बर्च सरळ वाढते आणि गारेनच्या घरी पहिल्यापासून तिकडूनच यायची. ह्या काठचा मासा त्या काठाला, त्या काठचं लाकूड ह्या काठाला, असा व्यवहार. तर समितीच्या माणसाने सांगितलं, दुसऱ्या देशातलं लाकूड नदीत उभं करायचं तर दुसऱ्या देशाची संमती लागेल.

"पण समिती तर दोन्ही देशांची ना?" सुन्ना म्हणाली.

"समिती दोन्ही देशांची आहे, लाकूड एकाच देशाचं आहे," तो म्हणाला. बिचारा मनापासून बोलत होता.

मग ह्याच काठची वाकडीतिकडी झाडं तोडली. त्यांची तिकाटणी उभी करताना सुन्ना छातीभर पाण्यात, अंगात नारिंगी सुरक्षा जाकीट. ते घातल्याशिवाय चित्रण होणार नाही म्हणे. जाकीट फुगून तिला वर ढकलायचं आणि ती ओंडका खाली ढकलायची. काठावर दगडावर बसलेल्या गारेनला हसूही येईना.

"आजी, हे मला बदकासारखं तरंगवतंय!"

"ओंडक्याला मिठी मार, नवरा समज!"

"नवरा इतका वाकडा नको गं!"

"सरळ कुठे मिळतोय? सरळ पलीकडे आहेत, आणि त्यांना संमती लागते."

चित्रण करणारी माणसं तेवढी हसली. एरवी त्यांचं एकच, आजीबाई, पुन्हा एकदा. तिकाटणं एकदा रोवलं ते पुन्हा रोवा, उजेड गेला होता. नदी काय पुन्हा मागून येते? पण सुन्नाकडे बघून गारेन गप्प बसायची. पोरगी शिकत होती. एका संध्याकाळी तिने आपण होऊन दोन फांद्या काढल्या, म्हणाली, "इथे पाणी गढूळ येतंय, आजी, खाली खणतंय बहुतेक." गारेनने नुसती शाल नीट केली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

समारंभ गुरुवारी होता. दोन्ही देशांची मोठी माणसं येणार, भाषणं होणार, आणि सगळ्यांच्या देखत जाळं लावायचं. गारेन सकाळीच निळा झगा घालून, छातीवर शाल अडकवायला चांदीचा काटा लावून नदीवर आली. जाळं सुन्नाच्या खांद्यावर. इस्सात आधीच तिथे होता. त्यानेही नवा कोरा झगा घातला होता, पायात मात्र शहरातले बूट.

जाळं वाळूवर पसरलं. गारेन बुडाशी दोरी ओवायला वाकली, तेव्हा इस्सात खाली बसला. अगदी तिच्या कानाशी.

"आत्या, बूड बांधायचं नाही."

"काय?"

"बूड उघडं ठेवायचं. अटच तशी आहे. जाळं लावा, पण मासा अडकता कामा नये. शिरेल आणि मागून निघून जाईल."

गारेनने दोरी हातातच धरली. तिला आधी वाटलं आपलं ऐकण्यात काही चुकलं. सुन्नाचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं की चुकलं नव्हतं.

"ही अट कधी झाली?"

"आत्या, ते आता..."

"कधी झाली, इस्सात?"

"हिवाळ्यात," तो म्हणाला. "पहिल्याच बैठकीत."

म्हणजे तो कॉफीतलं मांस चघळत बसला होता तेव्हा त्याला माहीत होतं. जाळं लावायचं, खरंखुरं जाळं. तो खोटं बोलला नव्हता. मेल्याने खोटंसुद्धा धड बोललं नव्हतं.

"तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस," तो म्हणाला. "तू नाही म्हटलंस तर सगळंच बारगळतं. ऐक ना. आधी वारसा म्हणून मान्यता मिळू दे. एकदा ती मिळाली की हक्काचं बोलता येईल. पायरीपायरीने जावं लागतं. दोन देश आहेत, आत्या. एक हलला की दुसरा थांबतो, दुसरा हलला की पहिला. मी वर्षानुवर्षं ह्यांना एका टेबलाशी बसवतोय."

"मग बसव की. माझं जाळं कशाला फाडतोस?"

"फाडत नाहीये. नुसतं उघडं."

"आज वार कोणता?"

इस्सातला प्रश्नाचा रोख कळला असावा, कारण त्याने मान खाली घातली. सगळ्या नदीची रीत होती. शनिवारी संध्याकाळी जाळ्याचं बूड सोडायचं, म्हणजे रविवारी मासा निर्धास्त वर जातो आणि वरच्या लोकांनाही मिळतो. सोमवारी पुन्हा बांधायचं. मधल्या वारी बूड सुटलेलं दिसलं तर त्याचा एकच अर्थ. त्या घरात कोणीतरी गेलं. मयत झालेल्या घराने मासा धरायचा नाही, समोरच्या काठाने धरून आणून द्यायचा.

"आता कोण पाळतं हे?" तो हळूच म्हणाला. "जाळीच कुठे उरलीत?"

"मी पाळते. मी उरलेय."

"आजी," सुन्ना मध्ये पडली, "नकोच लावायला. आपण घरी जाऊ."

पण तेवढ्यात वरच्या रस्त्याला गाड्या थांबल्या. इस्सातचा चेहरा पांढराफटक पडला. गारेनने वाकलेली कंबर सरळ केली, जाळं तिथेच टाकलं आणि घराकडे चालायला लागली. तिला पाणी प्यायचं होतं. श्वासही घ्यायचा होता, आणि तो ह्या माणसांसमोर नाही.

ती परत आली तेव्हा जाळं लागलेलं होतं. इस्सातने स्वतः पाण्यात उतरून लावलं होतं, समितीच्या माणसाला मदतीला घेऊन. सुन्ना काठावर हाताची घडी घालून उभी होती.

"मी हात लावला नाही," ती म्हणाली.

कुडाच्या टोकाशी जाळं धारेत लांबच लांब पसरलं होतं, आणि त्याचं सुटलेलं बूड पाण्यावर फडफडत होतं. मैलभरावरून दिसावं असं.

गारेनला खुर्ची दिली होती, गादी घातलेली. बसली. बसावं लागलं. भाषणं चांगली दोन तास चालली. नॉर्वेच्या बाई भल्या वाटत होत्या, डास चावले तरी हसत होत्या. फिनलंडचे साहेब कागदावरून दोन वाक्यं सामीतही बोलले, उच्चार ठीक होते. दोघांनी एकमेकांचे आभार मानले. मग एकमेकांच्या सरकारांचे. मग नदीचे. गारेनला निवासी शाळेत मार खाऊन आलेली मोडकी नॉर्वेजियन येत होती, तेवढ्यावर तिला अर्धंअधिक कळलं. शाळेचीही गोष्ट निघाली. त्या काळात तुमची भाषा तोंडातून काढून घेतली, ते चुकलं, असं बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर जड झाला. गारेनच्या मनात आलं, त्या शाळेत निदान 'नाही' हे तोंडावर सांगायचे.

तेवढ्यात पलीकडून होडी सुटली.

लांब, अरुंद, मोटारीची. पुढे काळी शाल पांघरून कोणी बसलेलं. होडी मध्यावर आली तसा रडण्याचा आवाज ऐकू आला, आणि गारेनने तो ओळखला. असं गळा काढून ह्या नदीवर एकच बाई रडते. बिग्गा, तिची थोरली नणंद. ह्या घरात जन्मली, पलीकडे दिली. आता तिकडची मोठी आजी.

"अरे देवा," सुन्ना म्हणाली.

होडी वाळूला लागली. बिग्गाच्या दोन्ही लेकांनी टोप्या काढल्या. बिग्गा एका लेकाच्या हाताला धरून उतरली, काखेत फडक्यात बांधलेली भाकरी, हातात कॉफीची काळी किटली. डोळे पुसत वर बघते तर समोर गादीच्या खुर्चीत गारेन.

ती तिथेच थांबली.

"तू जिवंत आहेस?"

"तुमची हरकत असेल तर सांगा, वन्सं."

"मग मेलं कोण? सुन्ना?" तिने सुन्नाला पाहिलं. "सुन्ना तर ही. मग कोण गेलं गं?"

"कोणी नाही गेलं."

"कोणी नाही?" बिग्गाचं रडणं जागच्या जागी थांबलं आणि त्याजागी नुसता संताप आला. "कोणी गेलं नाही आणि गुरुवारी बूड सोडून बसलीस? माझ्या भावाच्या घरचं जाळं! मी खिडकीतून पाहिलं आणि माझ्या हातातली वाटी पडली. मुलांना उन्हाळी झोपडीवरून बोलावून घेतलं. सगळ्या वाटेने रडत आले मी! तुझे सगळे गुण आठवून आठवून रडले!"

"तेवढ्यात नदी ओलांडून झाली?"

"थट्टा करतेस? अशा गोष्टीची थट्टा?"

"मी नाही केली थट्टा," गारेन म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "मी बूड सोडलं नाही, वन्सं. ह्यांनी सोडलं."

बिग्गाने तेव्हा कुठे पाहिलं की काठावर एवढी माणसं उभी आहेत. आणि ती माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. पलीकडच्या देशाची आजी, काळी शाल, भाकरी, कॉफी, अगदी वेळेवर. नॉर्वेच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. चित्रण करणारा पुढे सरकून बिग्गाच्या किटलीपाशी बसला.

"हा काय मागतोय?" बिग्गाने विचारलं. "कॉफी?"

"तुमचं दुःख मागतोय," गारेन म्हणाली. "पुन्हा एकदा रडा म्हणेल, बघा."

बिग्गाच्या धाकट्या लेकाला ह्यातलं काही कळलं नसावं. तो रीतीप्रमाणे होडीतून मासा घेऊन आला आणि गारेनच्या पायाशी ठेवून मागे सरकला. समोरच्या काठाने दुःखाच्या घराला द्यायचा मासा. तो प्लास्टिकच्या पिशवीत होता. दुकानातला, पिंजऱ्यात पोसलेला, चरबीने मऊ पडलेला, दोन तुकडे, वर चिकटवलेली किंमत अर्धी खरवडून काढलेली.

बिग्गा दुसरीकडे बघत होती.

"कुठून आणणार होते मी?" ती शेवटी म्हणाली. "आमच्याकडेही बंदी आहे. तुझ्या मयताला मासा नाही न्यायचा तर काय रिकाम्या हाताने यायचं? माझा भाऊ आन्ते गेला तेव्हा आम्ही तीन आणले होते. असे, हाताएवढे. आठवतंय ना तुला?"

"आठवतंय, वन्सं."

"मला लाज वाटली पिशवी घेताना. दुकानातल्या पोरीने विचारलं, वाफवणार की भाजणार."

गारेनने वाकून पिशवी उचलली आणि मांडीवर ठेवली. तिला हसावंसं वाटत होतं आणि त्या दुकानातल्या पोरीला एक ठेवून द्यावीशीही वाटत होती, आणि पोरीचा काही दोष नव्हता.

"काय म्हणतायत त्या दोघी?" फिनलंडच्या साहेबांनी इस्सातला विचारलं.

इस्सातने घसा साफ केला. "त्या म्हणतायत की दोन्ही काठांनी सुखदुःखात एकमेकांना साथ देण्याची जुनी रीत आहे. सीमा आली तरी ती टिकली."

सुन्ना तिथूनच ओरडली, "खोटं! ते नाही म्हणाल्या त्या!" आणि मग तिने सगळं सांगितलं, शहरी, स्वच्छ नॉर्वेजियनमध्ये. बूड सोडणं म्हणजे काय. ह्या बाईला आज कसं मेलेलं ठरवलं. एक आठवडा जाळं खरं लावायचं कबूल करून आणलं होतं ते कसं. आपल्याला अजून दोरीचा हिसका कळलेला नाही, आणि आजी पुढच्या वर्षी पाण्यात उतरेल का कोणाला ठाऊक.

नॉर्वेच्या बाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. त्यांना वाईट वाटलं, आणि तसं त्यांनी सांगितलंही.

"पण आमची समिती वारशाची आहे," त्या म्हणाल्या. "मासा मत्स्यखात्याकडे येतो. आमच्या बाजूने आम्ही शब्द टाकू. आमची काही हरकत नसेल. मात्र करार दोन्ही देशांचा आहे, पलीकडचेही तयार हवेत."

"आम्ही तर केव्हाही तयार आहोत," साहेब म्हणाले. "नॉर्वे तयार झाला की."

दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली, अगदी सौजन्याने. गारेन दोघांची तोंडं बघत होती. तिला वाटलं ह्यांच्यात भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणारी दोन घरं असली की माणूस एकाच्या दारात जाऊन दुसऱ्याची तक्रार तरी करतो.

"मग आज जाळं बांधायचं की नाही?" बिग्गाने विचारलं. तिला वाटत होतं एवढं बोलणं झालं म्हणजे काहीतरी ठरलं असेल.

"नाही, आत्या," इस्सात म्हणाला. बिग्गा त्याची रक्ताची कोणी नव्हती, पण नदीवरच्या सगळ्या म्हाताऱ्या त्याच्या आत्याच.

मग तो गारेनपाशी आला आणि खुर्चीशेजारी वाळूत गुडघे टेकून बसला. नव्या झग्याला चिखल लागला तरी त्याने बघितलं नाही.

"एकच राहिलंय," तो म्हणाला. "कूड बांधणाऱ्याचा शब्द लागतो. कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणायचं, आमचे वाडवडील असाच कूड बांधत. तू म्हटलंस की नोंद पुरी झाली. दोन्ही देश आज मान्यता देतील. तुझं नाव लागेल, आत्या, घराचं नाव लागेल. आणि मग मी तुला शब्द देतो, पुढच्या बैठकीत मी बुडाचा विषय काढतो. नाही म्हटलंस तर हे लोक जातील आणि पुन्हा येणार नाहीत. मग बोलायला टेबलही उरणार नाही. सुन्नासाठी म्हण."

तो खोटं बोलत नव्हता. गारेनला ते दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त राग येत होता. त्याला खरंच वाटत होतं की असं म्हणता म्हणता एक दिवस बूड बांधायला मिळेल. तिने सुन्नाकडे पाहिलं. सुन्नाने मान हलवली नाही, होयही नाही, नाहीही नाही. फक्त तिचा एक हात कुडाच्या पहिल्या तिकाटण्यावर होता. तिने स्वतः रोवलेलं, वाकडं, पण पक्कं उभं राहिलेलं.

ते शब्द म्हटले तर हे सगळं उभं राहील. उद्या पोरं येऊन बघतील. सुन्नाही एक दिवस पोरांना शिकवील, आणि काय शिकवील? जाळं असं लावतात, बूड सोडून. आमच्या आजीने सांगितलंय, वाडवडील असंच करत.

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. बाई आणि साहेब शेजारी शेजारी उभे राहिले. बिग्गा शालीचं टोक तोंडात धरून बघत होती.

गारेन उठली. सुन्ना धावली, पण तिने हात झटकला आणि आपली आपण उभी राहिली. हातातली पिशवी तिने बिग्गाच्या लेकाच्या हातात परत दिली, हळूच, त्याचा अपमान होणार नाही अशी. मग कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि वाळूत बसलेल्या भाच्याकडे पाहिलं.

"ऊठ," ती म्हणाली. "उभा राहून ऐक. बंदी घातली तेव्हा मी रडले, पण मान खाली घालून पाळली, कारण मासा खरंच कमी होता आणि ज्यांनी घातली ते परके होते. तू परका नाहीस. तुला ह्या बुडाचा अर्थ माहीत होता, आणि तरी तू स्वतः पाण्यात उतरून ते सोडलंस. मी आत पाणी प्यायला गेले होते तेवढ्यात मला मारलंस तू, इस्सात. दोन देशांना जे जमलं नसतं ते तू एकट्याने केलंस, आणि वर मला म्हणतोस, आजी-पणज्या अशाच जिवंतपणी मरायच्या म्हणून साक्ष दे. नाही देणार. आमच्या वाडवडिलांनी असा कूड कधीच बांधला नाही, हे तू ह्यांना नीट सांगायचंस, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आणि उद्या सकाळी ह्याच धारेत उतरून प्रत्येक तिकाटणं तू उपटायचंस, तुझ्या हातांनी, सुन्ना काठावर बसून बघेल. मला तुझा राग आलाय असं समजू नकोस. राग आलेल्या माणसाची समजूत काढता येते."